शेशानच्या लेकीचं लग्न 'आंतरजातीय' म्हणावं का?

अडकित्ता: बायबलातल्या वंशावळींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. '१ इतिहास' हे पुस्तक, अध्याय २. शेशानला मुलगे नाहीत, मुलीच. घरात यरहा नावाचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, गडी. शेशान त्यालाच लेक देतो आणि पुढे यहूदा या इस्राएली मूळपुरुषाच्या वंशात अत्तयपासून अलीशामापर्यंत १३ पिढ्या बिनदिक्कत मोजल्यात. मी 'आंतरजातीय विवाह' लिहिलं, संपादकांनी खोडलं. 'मिश्रविवाह' चालेल?

ताकभात: नको. 'मिश्र' म्हटलं की बायबलातला शास्त्री एज्रा बोलायला लागतो. परक्या बायका केलेल्यांवर तो भडकतो तेव्हा त्याच्यापुढे आलेली तक्रार हीच, की 'पवित्र बीज' मिसळलं. त्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात तर नावांची यादीच आहे, सुरुवात याजकांपासून! 'इतिहास' पुस्तकाचा लेखक मात्र यहूदाची कनानी बायको नुसती नोंदवतो आणि पुढे जातो. ज्याला त्यात भेसळ दिसत नाही, त्याच्या तोंडी भेसळीचा शब्द कशाला?

पाटावरवंटा: मुळात 'आंतरजातीय'च अशुद्ध. संस्कृतात अंतर् म्हणजे आत, आंतर म्हणजे आतला. शब्दशः बघाल तर लग्न जातीतच झालं!

ताकभात: मग सरकारी अर्जावर काय छापलेलं असतं ते जाऊन बघा. लोक त्याच शब्दावर लग्नं करतात.

पाटावरवंटा: अर्जावर छापलं म्हणून शुद्ध होत नाही. सातबाऱ्यावर माझं आडनावही चुकलंय.

रेवदंडेकर: 'जात' हा शब्द जपून वापरा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आजी सांगायची, गोरे इस्राएल नि काळे इस्राएल यांच्यात सोयरीक नसे, पंगतही वेगळी. काळे म्हणजे बाहेरच्या बाईची संतती. कातडीच्या रंगाशी संबंध नाही. पुढे इस्राएलमध्ये धर्मगुरूंनी आमच्या सगळ्यांचीच वंशावळ तपासायला काढली, १९६४ साली आंदोलन करावं लागलं. म्हणजे तिथे गोरेही काळे ठरले.

अडकित्ता: हे माहीत नव्हतं. मग 'परकी' म्हणू? बायबलातली रूथ मवाब या परक्या देशातली; इस्राएली नवऱ्यामागे सासूबरोबर बेथलेहेमात आली तरी 'मवाबी रूथ'च राहते.

ताकभात: आणि 'अनुवाद' हे बायबलातलं नियमांचं पुस्तक म्हणतं, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही. दावीद राजा तर रूथचा पणतू! मोजा बोटांवर.

जुनापुराणा: यरहाला सरळ घरजावई म्हणा. मुलगा नाही म्हणून मुलीच्या मुलाकडून वंश चालवायचा, आपल्याकडचा पुत्रिकापुत्र. शेशानची अडचण वारसाची होती, जातीची नाही. तसंही ३१व्या ओवीत शेशानचा अहलय दिलाय, मग ३४व्यात मुलगे नाहीत कसे?

पाटावरवंटा: ओवी नाही, वचन. ओव्या ज्ञानेश्वरीत.

जुनापुराणा: आजोळी ओवीच म्हणायचे, जात्यावरचीसुद्धा.

रेवदंडेकर: जात्यावरून आठवलं, 'जात' आणि 'जातं' एकच का हो?

पाटावरवंटा: छे! 'जात' जन्-वरून.

ताकभात: मग हिब्रूतला तोलदोतही तसाच. वंशावळीचा शब्द, धातू जन्म देण्याचा.

अडकित्ता: तूर्त 'मिसरी गड्याशी लग्न' एवढंच लिहून पाठवलं. संपादकांनी आता 'गडी'खाली लाल रेघ मारलीय. गुलाम, दास की चाकर?