घरी आणलेल्या पेशंटसाठी पैसे: एकरकमी की दरमहा?

हिशेबनीस: "केमो थांबली, घरी न्या म्हणाले, आता खर्च तो काय? मित्रांनी एकदाच पाच लाख जमवावेत, घरच्यांच्या हातात द्यावेत आणि बाजूला व्हावं." सदाशिवकरांच्या या पोस्टला वाहवा बघून राहवलं नाही.

इस्पितळात असेपर्यंत जनआरोग्य योजना असते, मेडिक्लेम असतो. आया, डायपर आणि भाड्याची फाउलर कॉट (डोक्याकडून-पायाकडून उचलता येणारा पलंग) यातल्या कशातच सहसा बसत नाहीत. ब्युरोची आया 12 तासांना 900 धरा. दोन पाळ्यांचे महिन्याला 54,000 झाले. दिवसाला चार डायपर म्हणजे महिन्याला 120. कॉटचं डिपॉझिट वेगळं. पहिल्या आठवड्यात सगळे देतात, तिसऱ्या महिन्यात फोनही उचलत नाहीत. त्यापेक्षा 30 जणांनी बँकेत 2,000ची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला आपोआप पैसे वळते करण्याची सूचना) लावली तर दरमहा 60,000 येतात.

सदाशिवकर: म्हणजे घरच्यांनी दर महिन्याला तुमच्या तोंडाकडे बघायचं! आणि रात्रीची आया कशाला? रात्री घरचे असतात की.

रातपाळी: असतात, आणि सकाळी कामावरही जातात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस घातली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. वीज गेली की पंप बंद, गादी सपाट.

मदतीच्या आवाहनात सगळ्यात आधी ऑक्सिजन मशीन लिहितात, तेही तपासा. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, चांगलं असताना दम लागत असेल तर त्याने फारसं साधत नाही. तोंडावर छोटा पंखा आणि मॉर्फिन जास्त कामाला येतात. मशीन लागलंच, तर 5 लिटरवालं साधारण 350 वॅट खातं. चोवीस तास चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट. घरचा इन्व्हर्टर तीन-चार तास ओढेल. म्हणून 1500 लिटरचा सिलिंडर भरून ठेवायचा, मिनिटाला 2 लिटरवर तो बारा तास पुरतो. वीजबिल आवाहनात कोणी लिहितं का?

करकटकट: पैसे कोणाच्या खात्यात घेणार ते आधी बोला. सगळे उत्साहात मित्राचा क्यूआर फिरवतात. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात 50,000च्या वर भेट आली की वरचीच नाही, पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात. कोविडच्या उपचारांसाठी सूट दिली होती, कॅन्सरला नाही.

सदाशिवकर: वा! माणूस अंथरुणावर आणि तुम्ही आयकर काढा. भीती घालायचा धंदा आहे हा.

करकटकट: भीती नाही, उपाय सांगतोय. पगारदार मित्राच्या खात्यात घेऊ नका, तिथे ती रक्कम त्याच्या पगारावर चढते. पेशंटच्या खात्यात घ्या. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत रिबेटने कर शून्य होतो. रिटर्न मात्र भरायचं. कोणी एकदम दोन लाख रोख आणून दिले तर घेऊ नका, दंड घेणाऱ्यालाच. आणि 80जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगा, व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती सवलत मिळत नाही.

कोथरूडची_काकू: नोंदणीकृत ट्रस्टमार्फत घ्या की. पेशंटचा प्रश्न मिटला, देणाऱ्याला पावती.

करकटकट: ट्रस्ट 80जीवाला असेल तर. आणि ते पैसे सहसा इस्पितळाच्या नावे चेकने देतात. आयाच्या नावे काढून दाखवा.

रातपाळी: कर पुरे झाला. पुण्यात असाल तर वारज्याच्या सिप्ला केंद्राला आधी विचारा, तिथे पॅलिएटिव्ह, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणारी, सेवा मोफत आहे. मुंबईत टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागाची होमकेअर आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे. मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्याव्या लागतात. महाग नाहीत, पण संपायच्या आधी कोणीतरी जाऊन आणल्या पाहिजेत. साधी गोळी दर चार तासांनी असते, सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज. ते राहिलं की बद्धकोष्ठ होतं, मग घरचे मॉर्फिनच बंद करतात आणि रात्रभर पेशंट कळवळतो. आवाहनात 'गोळ्या आणायला माणूस हवा' हीही ओळ घाला.

सदाशिवकर: बरं बाबा, दरमहा तर दरमहा. पण हिशेब ग्रुपवर टाकायचा नाही. डायपर किती लागले हे चाळीस जणांनी वाचायचं?

हिशेबनीस: टाकूच नका. दोघांनी बघावा, तोही मेडिकल आणि ब्युरोच्या बिलांपुरता. पेशंटचा फोटोही नको. आणि पहिल्या महिन्यात मिळेल तेवढी एकरकमी घ्या हो, डिपॉझिटं त्यातूनच भरायची आहेत.

सदाशिवकर: म्हणजे मी म्हणत होतो तेच.

हिशेबनीस: एक महिन्यापुरतं.