इम्प्रॉव्ह आणि सजगता एकत्र शिकवायची तर तासाची आखणी कशी करावी?

नवासूत्रधार
6 शनिवार, दर वेळी दीड तास, 14 जण. सगळे नोकरदार, नाटकाशी कुणाचा संबंध नाही. इम्प्रॉव्ह कॉमेडीतून, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी रचलेल्या विनोदी नाट्यातून, रोजच्या जगण्यात सजगता आणायची, असा विषय. आत्ता सुरुवातीला 15 मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष आणि मग खेळ, असं चाललंय. डोळे उघडले रे उघडले की जो तो जोक मारायला धावतो. समोरचा काय बोलला ते कुणाच्या कानावरही जात नाही. ही दोन टोकं जोडायची कशी? कोणते खेळ घ्यावेत, किती वेळ?

तिसरीघंटा
त्या 15 मिनिटांची 3 करा. सजगता खेळाआधी उरकायची नसते, ती खेळातच हवी. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत हे खेळ बेतले तेव्हा विचार असा होता: खेळणाऱ्याला एकच ठोस काम द्या, लक्ष त्यात गुंतलं की 'मी कसा दिसतोय' ही धास्ती सुटते. पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स 1959 साली सुरू झालेल्या सेकंड सिटी या इम्प्रॉव्ह नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि ही पद्धत विनोदी रंगमंचावर रुजली. आधी लक्ष, हशा मागाहून. हा क्रम उलटा केला की तुमच्याकडे होतंय तेच होतं.

'आरसा' घ्या, पुरी 12 मिनिटं. जोड्या समोरासमोर, दोन हातांचं अंतर, बोलायचं नाही. 2 मिनिटं एक जण पुढे, दुसरा त्याचा आरसा. मग 2 मिनिटं उलट. त्यानंतर तुम्ही 'बदला' म्हणत जा, आधी दर 30 सेकंदांनी, मग दर 10. शेवटची 3 मिनिटं पुढारी कुणीच नाही, दोघांनी एकमेकांच्या मागे जायचं.

बिघडतं ते एका जागी. पुढचा माणूस भराभर हात फिरवून समोरच्याला चुकवायला बघतो. खेळ थांबवू नका, बाजूनं एवढंच म्हणा: 'पाण्यात असल्यासारखं, हळू.' नजर हातांवर नको, चेहऱ्यावर आणि छातीवर ठेवायला सांगा. हातांकडे बघणारा नेहमी अर्धा क्षण मागे राहतो. एकानं नकळत चष्मा सावरला आणि समोरच्यानं, डोळ्यांवर चष्मा नसतानाही, तस्संच बोट नाकाशी नेलं की सगळी खोली हसते. जोक कुणीच केलेला नसतो. तो हशा ओसरायच्या आत विचारा: 'आत्ता श्वास कुठे आहे?' तुमची 15 मिनिटं जे शिकवू पाहत होती ते इथे हाती लागतं.

बाराखडी
ऐकण्याच्या खेळांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. 'समोरच्याच्या शेवटच्या शब्दानं आपलं वाक्य सुरू करा' हा प्रसिद्ध खेळ मराठीत जसाच्या तसा घेऊ नका. आपली वाक्यं क्रियापदावर संपतात. तिसऱ्या वाक्यापासून सगळे 'आहे… आहे…' करत अडकतात. त्याऐवजी समोरच्याच्या वाक्यातलं शेवटचं नाम उचलायला सांगा.

मात्र हीच रचना सजगतेसाठी वरदान आहे. 'मी उद्या तुमच्याकडे जेवायला येणार' इथवर ऐकून उत्तर जुळवणाऱ्याचा 'नाही' आला की पचका होतो. म्हणून नियम: क्रियापद पूर्ण कानावर पडेपर्यंत तोंड बंद, मग एक पूर्ण श्वास, मग उत्तर. 4 मिनिटं पुरतात. सुरुवातीला संवाद रेंगाळतो, रेंगाळू द्या.

एकेका शब्दाची गोष्टही जरूर घ्या, 5-6 जणांचा गोल करून. एकानं 'मोठी' म्हटलं की पुढच्याला पुल्लिंगी नाम देता येत नाही. मनात योजलेला 'हत्ती' तिथेच सोडून द्यावा लागतो. हे सोडून देणंच तर शिकवायचंय! फक्त 'घरात', 'आईला' हे एकेकच शब्द धरायचे, हे आधी ठरवून टाका, नाहीतर गोल तिथेच वाद घालत बसतो.

नवासूत्रधार
खूप आभार. 'हो, आणि', म्हणजे समोरच्याचं मान्य करून त्यात भर घालायचा खेळ, कुठे बसवू? शिवाय एक जण दर प्रसंगात गावाकडचा हेल काढून हशा वसूल करतो, त्याचं काय?

चौथीभिंत
'हो, आणि' तिसऱ्या तासाला, आधी नको. आपल्या जिभेवर 'हो, पण' इतकं बसलंय की लोक शब्द बदलतात, नकार तसाच ठेवतात: 'हो, आणि म्हणूनच आपण तिथे जायला नको.' प्रत्येक उत्तरात समोरच्यानं दिलेली एक वस्तू किंवा माहिती परत आली पाहिजे, अशी अट घाला. नकार लगेच उघडा पडतो.

हेल काढणाऱ्याला सगळ्यांदेखत टोकू नका. पुढचा प्रसंग 2 मिनिटं बिनशब्दांचा द्या, फक्त एक वस्तू: बादली भरणं, पंख्याचं पातं पुसणं. हेलाचा आधार गेला की तो माणूस समोर बघायला लागतो. नियम मात्र पहिल्याच दिवशी सर्वांना सांगायचा होता, आता तरी सांगा: बोली, जात, अंगकाठी यांवर हशा नाही. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी हास्यक्लब सुरू केला तेव्हा आधी विनोद सांगायचे. काही दिवसांतच विनोद संपले, काही बोचायला लागले, आणि मग विनोदाशिवाय हसण्याचा मार्ग निघाला.

आपल्याकडे इम्प्रॉव्ह म्हणजे हजरजबाबीपणा अशी समजूत पक्की आहे. बतावणीतला सोंगाड्या बघितलेल्यांना तसं वाटणारच, पण सोंगाड्यामागे वर्षांची मेहनत असते. नवख्यांसाठी इम्प्रॉव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन यांचा सल्ला धरा: हुशार उत्तर शोधू नका, सगळ्यात आधी सुचेल ते साधं बोला. 'दार वाजतंय' याला 'उघडते' हे उत्तम उत्तर आहे.

घरी करायला एकच गोष्ट द्या: दिवसातून एका फोनवर, क्रियापद संपल्यावर एक श्वास. ज्यांना डोळे मिटायला नको वाटतं त्यांना जमिनीवरच्या एका फरशीकडे बघू द्या, आणि ज्याला एखाद्या खेळात उतरायचं नसेल त्याच्या हाती घड्याळ द्या. 'बदला' तो म्हणेल.