कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय झाल्यास ठाण्यातील मनुष्यबळ खरोखर वाढेल का?

प्रश्न : कोल्हापूरचा एक रहिवासी

कोल्हापूरसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असावे ही मागणी जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार होती, तर ६ लाख ४७ हजारांच्या अमरावतीला आयुक्तालय आहे. मग आपल्यालाच का नाही, असे विचारले जाते. माझी शंका वेगळी आहे. मागे माझा अठरा हजारांचा मोबाईल बाजारात खिशातून चोरीला गेला, तेव्हा ठाण्यात चोरीचा गुन्हा न नोंदवता 'गहाळ' अशी नोंद करून दाखला हातात देण्यात आला, आणि कारण विचारल्यावर सगळे बंदोबस्ताला गेले आहेत, तपास कोण करणार, असे उत्तर मिळाले. आयुक्तालय आल्याने हे चित्र बदलेल का? पोलिसांचा खर्च नेमका कोण करतो, आणि आम्ही भरतो त्या घरफाळ्याचा त्यात काही वाटा असतो का? तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे करावी?

उत्तर १ : निवृत्त सहायक फौजदार

घरफाळ्याचा संबंध नाही. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीचा विषय असल्याने वेतन, इंधन आणि कार्यालयीन खर्च राज्याच्या गृह विभागाच्या तरतुदीतून होतो, केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेतून काही साधनसामग्री मिळते, आणि नव्या गाड्या किंवा शहरातले कॅमेरे बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात. गाड्यांच्या चाव्या देण्याचा समारंभ होतो, त्या चालवायला चालक किती आहेत हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

मनुष्यबळाबाबत मंजूर पदे आणि प्रत्यक्ष हजर माणसे यांतील फरकाची चर्चा सगळेच करतात, परंतु ठाण्याच्या दृष्टीने खरी गळती हजर माणसांतूनच होते. हजेरीपटावर ज्यांची नावे असतात त्यांतून स्थानिक गुन्हे शाखेला किंवा वरिष्ठ कार्यालयाला संलग्न केलेले, समन्स-वॉरंट बजावणीला गेलेले, कोर्टाच्या कामाचे, कैद्यांची ने-आण करणाऱ्या कैदी पार्टीचे, संगणकावर नोंदी करणारे, पासपोर्ट पडताळणीचे, डायल ११२ च्या गाडीवरचे आणि साप्ताहिक सुट्टीचे वजा केले, तर रात्रगस्तीला आणि तपासाला उरणारी माणसे बोटांवर मोजता येतात. त्यावर चैत्रातील जोतिबाची यात्रा, गणपती, अंबाबाईचा नवरात्रोत्सव आणि ऊसदराचे आंदोलन अशी वर्षभराची रांग असते. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरात सुरू झाले, त्याचा आनंद मलाही आहे, पण तिथली सुरक्षाही याच दलाकडे आली. गुन्हा 'गहाळ' करणे चूकच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. एका अंमलदाराकडे किती तपास प्रलंबित असतात एवढेच लक्षात घ्यावे.

उत्तर २ : पिंपरी-चिंचवडचा रहिवासी

आमच्याकडे १५ ऑगस्ट २०१८ रोजी आयुक्तालय सुरू झाले, त्यासाठी पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन्ही दलांतून ठाणी, माणसे आणि वाहने वळवावी लागली. आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त ही पदे लगेच दिसू लागली, शिपायांची भरती मात्र भरतीच्याच गतीने झाली. आयुक्तालयाचा खरा फायदा अधिकारांचा असतो, कारण प्रतिबंधात्मक कारवाई किंवा जमावबंदीसाठी महसुली दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्यामुळे निर्णय जलद होतात हे मान्य करावे लागेल, परंतु जो अटक करतो त्याच्याच वरिष्ठासमोर प्रतिबंधात्मक कारवाईची सुनावणी होणे हे मला आजही खटकते. ही बाजू कोल्हापुरातील चर्चेत फारशी ऐकू येत नाही.

उत्तर ३ : वकील, सातारा

उत्तरदायित्वाचा मुद्दा राहून गेला आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले, त्यांपैकी एक जिल्हा पातळीवरील पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाच्या पातळीवर प्राधिकरण ठेवले, म्हणजे कोल्हापूरकराचे प्रकरण पुणे विभागात जाते. शिवाय प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे न्यायालयाला अपेक्षित असताना, आपल्या कायद्यात अपवादात्मक परिस्थितीत अहवाल नाकारण्याची मुभा सरकारला दिली आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा प्रकरणांसाठी हा मार्ग आहे. मोबाईलसाठी तेथे जाण्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. आपला मोबाईल अठरा हजारांचा होता, त्यामुळे गुन्हा दखलपात्र आहे आणि तो नोंदवणे ठाण्यावर बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास याच नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, आणि तरीही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. यासाठी आयुक्तालयाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला आहे. आपल्याला दाखला देऊन परत पाठवले तो दिवस या मुदतीत असेल, तर ते चित्रण जतन करण्याची लेखी मागणी आधी करावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दाखल्यावरील तारखेला चौदा महिने होत आले आहेत, त्यामुळे चित्रणाबाबतचा अर्ज याच आठवड्यात रजिस्टर टपालाने जाईल. माहिती अधिकाराखाली मंजूर पदांऐवजी आता मी वेगळे विचारणार आहे : शहरातील प्रत्येक ठाण्याच्या हजेरीपटावरील किती कर्मचारी अन्यत्र संलग्न आहेत, आणि किती दिवसांपासून.