पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचे पुढे काय? सोसायटीच्या ठरावाविषयी चर्चा

मुठाकाठ:

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे यंदा उंदरांच्या बंदोबस्ताचा ठराव येणार आहे आणि त्याचा मसुदा करणाऱ्यांपैकी मी एक आहे. इमारतीत, डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या पोकळीत) आणि आवारात ग्लू पॅड, म्हणजे चिकट सापळे, व उंदीरमार विष वापरणे बंद करावे, त्याऐवजी जिवंत पकडणारे पिंजरे लावावेत आणि पकडलेले उंदीर न मारता सोडून द्यावेत, असा त्याचा आशय आहे. सभेत घाईने हात वर होण्यापूर्वी विरोधी मते नीट ऐकावीत, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

पिंजरा आपल्याला नवा नाही. बोहरी आळीत तो आजही मिळतो आणि पेठांतल्या कित्येक घरांत माळ्यावर पडलेला असतो. आत लोंबणारा आकडा एका तारेने वरच्या कडीला जोडलेला असतो; उंदराने आकड्याला लावलेले भजे किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा ओढला की कडी निसटते आणि स्प्रिंगच्या जोराने दार खटकन बंद होते. इथवर कोणालाच इजा होत नाही. मात्र सकाळी तोच पिंजरा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जाळीला नाक लावून श्वासासाठी धडपडणारा उंदीर ज्याने जवळून पाहिला आहे, तो या रीतीला दयेची म्हणणार नाही.

ग्लू पॅडची गत याहून वाईट आहे. त्यावर अडकलेला प्राणी सुटण्याच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो, अडकलेला पाय चावतो आणि भूक, तहान व दमणूक यांनी कित्येक तासांनी मरतो. आमच्या कचरा खोलीतल्या पॅडवर उंदराच्या आधी पाल सापडली आणि नंतर चिचुंद्री, जी मुळात उंदराच्या कुळातली नसून किडे खाणारी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या चिकट सापळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत, तरी ते दुकानांत सर्रास विकले जातात. विषाचे म्हणाल, तर ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो आणि तोवर सुस्तावलेल्या अवस्थेत उघड्यावर फिरत राहून मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी पडतो.

पिंजरा लावण्याचेही शास्त्र आहे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी नव्हे, तर भिंतीला लागून ठेवावा. घरातला लहान उंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने जातो. मोठा काळा उंदीर मात्र तिला बिचकतो, त्यामुळे त्याच्यासाठी पिंजरा काही दिवस आमिषासह, पण दार बांधून उघडाच ठेवावा आणि तो सरावल्यावर मगच कडी लावावी. आवारात लावलेल्या पिंजऱ्यावर सावली हवी, कारण एप्रिलच्या उन्हात पत्र्याचा पिंजरा काही वेळात भट्टी होतो. आत कागदाचे कपटे, थोडे दाणे आणि काकडीची फोड ठेवावी. निदान सकाळ-संध्याकाळ पाहणी झालीच पाहिजे. एवढ्याशा जिवाला उपाशी आणि गारठलेल्या अवस्थेत एक रात्रही जड जाते.

धान्यकोठी:

मी मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करतो आणि उंदरांशी माझा रोजचा संबंध आहे. मुठाकाठ यांच्या भावनेचा मला आदर आहे, परंतु हा ठराव मंजूर झाल्यास तुमच्या इमारतीतले उंदीर कमी होणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातल्या उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेताला साधारण पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वेताला येतात. एक दाराचा पिंजरा एका रात्री एक उंदीर धरतो. एकाच वेळी अनेक उंदीर धरणारे पिंजरेही मिळतात, पण तेही रोज रिकामे करून धुवावे लागतात. हा लहान उंदीर दिवसाला जेमतेम तीन ग्रॅम धान्य खातो, हे खरे आहे. मात्र लेंड्या आणि मुताने तो त्याच्या कितीतरी पट धान्य नासवतो, आणि ते पोते गिऱ्हाइकाला देता येत नाही. तेथे दया कोणावर करायची, उंदरावर की ते धान्य खाणाऱ्यावर?

ग्लू पॅडला माझाही विरोध आहे. परंतु चांगल्या, जोरदार स्प्रिंगचा खटक्याचा सापळा उंदराची मान क्षणात मोडतो. रात्रभर पिंजऱ्यात घाबरून कोपरे कुरतडणाऱ्या आणि मग अनोळखी जागी टाकून दिलेल्या उंदरापेक्षा हा मृत्यू अधिक दयेचा आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

औदुंबर:

वैद्यकीय व्यवसायात असल्याने मी ठरावाच्या विरोधात एक गोष्ट नोंदवू इच्छितो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात व ओल्या मातीत उतरतात आणि पायाच्या जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने काय केले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणाच्या विसर्गामुळे तुमच्याच रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले होते. अशा नदीकाठच्या भागात आवारातले उंदीर सोडून देण्याचा ठराव होणे मला काळजीचे वाटते.

पुण्याने तर उंदरांमुळे फार मोठी किंमत मोजली आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेगचा प्रसार उंदरावरच्या पिसवा करतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते त्यानंतर, १८९८ मध्ये. आज तो धोका दाराशी उभा आहे असे मी म्हणत नाही, परंतु १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते, हे विसरून चालणार नाही. पिंजरा उचलणाऱ्याने हातमोजे घालावेत, लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी त्यावर जंतुनाशक पाणी शिंपडावे आणि मग पुसून घ्याव्यात, एवढे तरी ठरावात लिहा.

मुठाकाठ:

औदुंबर यांच्या शेवटच्या सूचना मसुद्यात शब्दशः घेतो. मात्र पिसवांचा मुद्दा विषाच्या बाजूने जात नाही. विष खाल्लेला उंदीर डक्टच्या कोपऱ्यात मरतो, कोणाला सापडत नाही, आणि त्याचे शरीर थंड पडताच पिसवा दुसरे रक्त शोधत बाहेर पडतात. शिवाय पंधरवडाभर तळमजल्यावर राहवत नाही एवढी दुर्गंधी पसरते ती वेगळीच. पिंजऱ्यात निदान उंदीर कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असते.

धान्यकोठी यांना माझे सांगणे असे, की धान्याचे गोदाम आणि राहती इमारत यांना एकच माप लावू नये. आमच्याकडे उंदीर येतात ते चौथ्या मजल्यावर पिकलेल्या धान्यासाठी नव्हे, तर रात्री उघड्या राहिलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यांसाठी आणि डक्टमधल्या न बुजवलेल्या भोकांतून. ते बंद केले, तर पिंजऱ्यावर थोड्याच उंदरांचा भार पडेल.

तळजाई:

मी ठरावाच्या बाजूचा असेन असे अनेकांना वाटेल, कारण टेकड्यांवरचे पक्षी आणि लहान सस्तन प्राणी हाच माझा अभ्यासाचा विषय आहे. तरीही मसुद्यातल्या “सोडून द्यावेत” या शब्दांना माझा ठाम विरोध आहे, आणि चर्चा आतापर्यंत या शब्दांवरून भरभर पुढे गेली आहे.

पकडलेला उंदीर लोक नेतात कोठे? वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीचा उतार, नाहीतर ओढ्याकाठी. घरातला उंदीर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या वस्तीत राहिलेला प्राणी आहे. त्याचा वावर काही मीटरांचा असतो, आणि त्यातली भोके, वाटा, लपण्याच्या जागा त्याला अंगवळणी पडलेल्या असतात. त्याला टेकडीवरच्या उघड्या मुरमाड जमिनीवर सोडले की त्याला बीळ नाही, पाण्याची जागा माहीत नाही, आणि पहिल्याच रात्री साप किंवा घुबड त्याला गाठण्याची शक्यता मोठी. आपण डोळ्यांआड झालो म्हणून तो वाचला असे होत नाही. आणि जवळच्या ओढ्याकाठी सोडावा, तर शेजारच्या वस्तीत नाहीतर पुन्हा आपल्याच कचरा खोलीत तो येतो; आपला उपद्रव दुसऱ्याच्या दारात टाकण्याला दया हे नाव देता येत नाही.

टेकडीचेही म्हणणे ऐकावे. तिथे मऊ केसांचा शेत-उंदीर आहे, झुडपी उंदीर आहे. हे दख्खनचे मूळ रहिवासी गवताचे बी आणि पाला खाऊन राहतात व ती जागा त्यांची आहे. सोसायटीच्या कचऱ्यावर वाढलेले, त्वचारोग आणि परजीवी घेऊन आलेले उंदीर त्यांच्यात नेऊन सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? विषाला माझा विरोध मुठाकाठ यांच्याइतकाच आहे, कारण विष खाल्लेले उंदीर खाऊन गव्हाणी घुबडे मरतात; पण म्हणून टेकडीला उंदीर टाकण्याची जागा करणे मला मान्य नाही.

कसब्याची माहेरवाशीण:

माझ्या माहेरच्या वाड्यात आणि आता सासरच्या फ्लॅटमध्येही पिंजराच वापरला जातो, कारण घरात रांगते मूल आणि मांजर असताना विष किंवा खटका जमिनीवर ठेवण्याची माझी हिंमत नाही. तेवढ्यापुरता मी ठरावाला पाठिंबा देते. पण एका गोष्टीचे उत्तर कोणीच दिलेले नाही. पिंजऱ्यात सापडणाऱ्यांत पिल्लांना पाजणारी मादी असते. मागे आम्ही अशी एक पकडली, तिच्या पोटावरचे केस गेलेले आणि सड सुजलेले स्पष्ट दिसत होते. ती लांब नेऊन सोडली, आणि जुन्या गोधड्यांच्या पेटीत चिंध्यांच्या घरट्यातली पिल्ले उपाशी मेली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “हिला सोडून तरी काय साधलं?” मला अजूनही त्यांना देण्याजोगे उत्तर सापडलेले नाही.

धान्यकोठी:

ताईंनी सांगितले ते गोदामात नेहमीच दिसते, आणि म्हणूनच मी म्हणतो की जिवंत पकडण्याने क्रूरता संपत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड जाते. वाड्यांमध्ये पूर्वी भोकात काचेचे तुकडे घालून वरून सिमेंट थापत असत. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो, तेव्हा प्रत्येक पाइपाभोवती अशी बुजवणी करा, दाराखाली पट्टी लावा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. सोसायटीचा पैसा आधी त्यावर खर्च झाला पाहिजे.

मुठाकाठ:

येथे आमच्यात मतभेद उरत नाही. तळजाई आणि कसब्याच्या ताई यांचे म्हणणे पटल्यामुळे मसुद्यात असा बदल सुचवतो: पकडलेला उंदीर इमारतीच्या भिंतीबाहेर, पण आवारातच, झुडपांच्या कडेला सोडावा, तो टेकडीवर किंवा ओढ्याकाठी नेऊ नये, आणि भोके बुजवून होईपर्यंत घरात पिंजरे लावूच नयेत, म्हणजे सोडलेला उंदीर परत आत येणार नाही. सड सुजलेली मादी सापडल्यास ती जिथे पकडली तिथेच सोडावी आणि पिल्ले हिंडू-फिरू लागेपर्यंत त्या जागी पिंजरा लावू नये. यात वेळ जाईल, हे मला मान्य आहे. बादलीत बुडवण्यास मात्र पूर्ण बंदी राहील.

औदुंबर:

आवारातच सोडण्याला माझा विरोध कायम आहे. पावसाळ्यात त्याच आवारातल्या साठलेल्या पाण्यातून मुले अनवाणी धावतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पकडलेले उंदीर खटक्याने त्वरित मारावेत, अशी दुरुस्ती मी सभेत मांडणार आहे.

तळजाई:

औदुंबर यांच्या दुरुस्तीवर मी तटस्थ राहीन, पण एक विचारतो. जिवंत पकडलेला उंदीर खटक्यात घालणार कोण आणि कसा? प्रत्यक्षात तो पुन्हा बादलीतच जाईल. मारायचेच असेल, तर त्या चार महिन्यांत पिंजऱ्याऐवजी सुरुवातीपासून खटकाच, मुलांचा हात जाणार नाही अशा बंद खोक्यात लावावा, आणि तसे स्पष्ट लिहावे.

कसब्याची माहेरवाशीण:

आणि पाहणी करणार कोण, हेही लिहा. आमच्याकडे पिंजरे रात्रपाळीच्या रखवालदाराच्या गळ्यात पडले. त्याला हातमोजे मिळाले नाहीत, जादा पैसे मिळाले नाहीत, आणि सुटीच्या दिवशी पिंजऱ्यात अडकलेला उंदीर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच राहिला. मुठाकाठ, तुमच्या ठरावात सकाळ-संध्याकाळची पाहणी लिहिली आहे, तिच्यापुढे त्या माणसाचे काम, त्याचा मोबदला आणि त्याच्या सुटीच्या दिवशी पिंजरे बंद ठेवण्याची जबाबदारी कोणत्या सभासदाची, हे लिहिलेले नसेल, तर मी या ठरावाच्या बाजूने मत देणार नाही.