आधी फौज, मग पोलीस, मग घर : आपल्या घरातल्या माणसांचे अनुभव

नीरेकाठ

२१ ऑक्टोबरला सकाळी दूरदर्शनवर पोलीस स्मृतिदिनाची मानवंदना चालू होती. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी हल्ल्यात दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. बिगूल वाजू लागला तशी माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, दिवाळीच्या आवराआवरीसाठी माळ्यावरून काढलेली काळी ट्रंक तशीच सोडली आणि ते सावधान उभे राहिले. गुडघे दुखत असूनही बिगूल थांबेपर्यंत ते हलले नाहीत.

तात्या १९७२ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावला तयार झाले आणि पंधरा वर्षांनी नाईक म्हणून घरी आले. पुढच्याच वर्षी माजी सैनिकांच्या राखीव जागेतून ते पोलिसांत लागले. फौजेत ज्यांच्या हाताखाली दहा माणसे होती, ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुन्हा शिपाई झाले आणि विशीतल्या पोरांच्या रांगेत हजेरीला उभे राहू लागले. याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्दही ऐकला नाही. २०१० साली सहायक फौजदार म्हणून ते निवृत्त झाले.

आमच्या घरातले सण कॅलेंडरवर नव्हे, बंदोबस्ताच्या यादीवर ठरत. भाऊबीजेला आत्या ताट घेऊन थेट पोलीस ठाण्यात येई. आवारात जीपच्या आडोशाला उभे राहून तात्या टोपी काढत, खिशातला रुमाल डोक्यावर ठेवत आणि ओवाळून घेत. निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून मी दोन्ही हात धरून उभा असे. आपल्या घरात असे कोणी असेल, तर त्यांच्याविषयी येथे अवश्य लिहावे.

तेरणाकाठची

वाचून डोळे भरून आले. माझे वडीलही आधी फौजेत आणि नंतर पोलिसांत होते. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती आणि नाना विसर्जनाच्या बंदोबस्तावर होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते घरी आले, बूट काढून पलंगावर टेकले, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. खाकी सदऱ्यावरचा गुलाल झटकायलाही न थांबता ते परत निघाले, ते किल्लारीच्या बाजूला. तिकडची घरे माळवदाची होती; मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड छत. झोपलेली माणसे त्याखाली गेली. नाना सहा दिवसांनी घरी आले तेव्हा हातांची नखे फुटली होती आणि सदऱ्यावरचा गुलाल काळा पडला होता. आईने तो सदरा तीन वेळा धुतला. त्यानंतर दोन वर्षे ते घरात झोपले नाहीत, पावसाळ्यातसुद्धा अंगणात पत्र्याखाली बाज टाकत. फौजेतल्या गोष्टी आम्हाला रंगवून सांगणारे नाना त्या सहा दिवसांविषयी मात्र शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

ठाण्याची सून

माझे सासरे सतरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी ते रोज डायरी लिहितात. ठाणे अंमलदार म्हणून स्टेशन डायरी लिहिण्याची सवय त्यांच्या हातातून गेलेली नाही. ‘०६.१० वाजता दूध आले. ०७.३५ वाजता नात शाळेत रवाना.’ सासूबाई आजारी होत्या त्या चार महिन्यांच्या नोंदी मी त्या गेल्यानंतर वाचल्या. प्रत्येक गोळीची वेळ, प्रत्येक वेळचा ताप, रात्री दोन वाजता दिलेले घोटभर पाणी, सगळे मिनिटासह लिहिलेले आहे. नोकरीत असताना त्यांना बायकोच्या तिन्ही बाळंतपणांना रजा मिळाली नव्हती, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते.

जावळीकर

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून पोलिसांत जाण्याची वाट जुनी आहे. हुतात्मा तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंबे गावचे; सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त होऊन ते मुंबई पोलिसांत आले आणि सहायक फौजदार झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबची बंदूक नळीला धरून सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. माझे चुलते त्याच काळात मुंबईत सहायक फौजदार होते. दरवर्षी त्या तारखेला ते चौपाटीवरच्या स्मारकाशी जाऊन येतात आणि त्या दिवशी घरी कोणाशी फारसे बोलत नाहीत. काकू त्यांचे जेवण झाकून ठेवते.

पंचगंगा

नीरेकाठ, एक कामाची गोष्ट सांगते. सैन्याचे निवृत्तिवेतन घेऊन नंतर सरकारी नोकरी केलेल्या माणसामागे पत्नीला पूर्वी एकच कुटुंबनिवृत्तिवेतन निवडावे लागे. २०१२ पासून दोन्ही मिळू शकतात. त्यासाठी सैन्याच्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रावर, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर असावी लागते. माझ्या आईला केवळ नावातल्या फरकामुळे दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले. वडील असतानाच डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या.

निवृत्त हवालदार

मी स्वतःविषयी लिहितो. आषाढीला पंढरपूरच्या बंदोबस्तावर मी अकरा वर्षे गेलो. बहुतेक वेळा माझी नेमणूक दर्शनबारीवर असे. लाखो वारकऱ्यांना ‘चला माउली, पुढे चला’ म्हणून पुढे केले, पण ड्यूटी सोडून आत जायचे नाही, असा माझा नेम होता. निवृत्त झालो त्या वर्षी पत्नीला घेऊन प्रथमच दर्शनासाठी गेलो आणि बारीला उभा राहिलो. पूर्वी माझ्या हाताखाली असलेल्या एका शिपायाने ओळखले, सलाम केला आणि बाजूने सोडतो म्हणाला. मी नको म्हटले, कारण त्याच बारीत मी वयोवृद्ध माणसांना रात्र रात्र उभे राहिलेले पाहिले होते. एकोणीस तासांनी पायांवर डोके ठेवले. बाहेर आल्यावर चंद्रभागेत उतरलो तेव्हा पत्नी म्हणाली, “अकरा वर्षं इथं येताय, आणि या पाण्यात बूट काढून आज उतरलात.” तिचा हात धरून मी बराच वेळ पाण्यात उभा राहिलो.

तेरणाकाठची

काका, तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

नीरेकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पंचगंगाताई, तुमचे लिहिणे वाचून ट्रंक तळापर्यंत उपसली. पट्टा, ब्रासोची अर्धी डबी आणि आत्याने ठाण्यावर पाठवलेली दोन पत्रे यांच्याखाली पीपीओ सापडला. त्यावर आईचे माहेरचे नाव आहे आणि जन्माचे वर्षही चुकलेले आहे. तात्यांना दाखवल्यावर ते एवढेच म्हणाले, “तिचं काम आहे, राहता कामा नये.” सोमवारी कार्यालय उघडताच आम्ही जाणार आहोत. आज शनिवार आहे, आणि त्यांचे बूट पॉलिश होऊन दारापाशी लागलेले आहेत.