एलिझाबेथ खरं बोलली की थट्टा केली?

रानजाई
जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) ५९व्या प्रकरणात, श्रीमंत डार्सीशी लग्न ठरल्यावर, नायिका एलिझाबेथला तिची बहीण जेन विचारते, डार्सी तुला कधीपासून आवडायला लागला? एलिझाबेथ म्हणते, हळूहळूच झालं, नेमकं सांगता येत नाही. पण त्याच्या पेम्बर्ली या इस्टेटीचा सुंदर परिसर पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून असावं.
एवढ्यावरून ‘शेवटी इस्टेटीवरच भाळली’ म्हणणारे भेटतात, आणि मला ते फार लागतं. लगेच पुढे काय आहे? जेन तिला पुन्हा विनवते, आता नीट सांग. मग ती गंभीरपणे प्रेमाची खात्री देते. ‘पुन्हा’, कारण त्याआधीही जेनने थट्टा नको म्हणून सांगितलेलं असतं. ऐकणारी सख्खी बहीण आहे आणि तिला हे खरं वाटत नाही. याहून स्पष्ट खूण लेखिकेने कशी ठेवायची?

जुनी_पेठ
कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिहिलं होतं की, डार्सीच्या पहिल्या मागणीला नकार देणं हा मूर्खपणा होता हे तिला त्याचं देखणं घर आणि बाग पाहिल्यावर कळतं. स्कॉटला थट्टा कळत नव्हती असं मी मानणार नाही. ४३व्या प्रकरणात पेम्बर्ली बघताना ‘इथली मालकीण होणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही!’ असं तिच्या मनात येतं. तिथे ऐकायला कोणी नाही. मग थट्टा कुणाशी? घरात पाच मुली, वडिलांचं वर्षाचं उत्पन्न २,००० पौंड, आणि त्यांच्यामागे लाँगबर्न हे राहतं घर, इस्टेटीसकट, नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. डार्सीचं उत्पन्न १०,०००.

रानजाई
त्याच प्रकरणात थोडं पुढे वाचा. मालकीण झाले असते तर मामा-मामींना इथे बोलावता आलं नसतं, हे आठवतं आणि तिची हळहळ तिथेच थांबते. तिचं मन खरं हलतं ते घर सांभाळणाऱ्या बाईंच्या बोलण्याने: डार्सी चार वर्षांचा होता तेव्हापासून त्याला ओळखते, कधी वेडावाकडा शब्द ऐकला नाही. आणि पैसाच हवा होता तर १०,०००वाल्याने हन्सफर्ड गावी पहिली मागणी घातली तेव्हा नकार का दिला? लाँगबर्न मिळणाऱ्या कॉलिन्सनेही मागणी घातली होती, त्यालाही दिलाच की.

ओसरी
आमच्या मावशीला कोणी विचारलं, काकांमध्ये काय पाहिलंस, तर ती म्हणते, ‘दारातली विहीर.’ सगळे हसतात, काका सगळ्यांत जास्त. पण माहेरी ती रोज लांबून डोक्यावर पाणी आणायची. मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे.

जुनी_पेठ
मावशींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. विहीर नसती तर हे वाक्यच सुचलं नसतं.

रानजाई
पण विहीर पाहून लग्न केलं असतं, तर काकांसमोर ते म्हणवलं असतं का?