लस, मोहल्ला, पाडा, पाल: २०२१ मध्ये तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

सिस्टर_मालेगाव

परवा माळा आवरताना २०२१ ची ड्युटीची डायरी सापडली, वाचत बसले तर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलंच नाही, म्हणून अल्पसंख्याक वस्त्यांतल्या कोरोना लसीकरणाचा हा धागा काढतेय. तेव्हा मी मालेगावात लसीकरणाला होते. टीव्हीवर रोज एकच, मुसलमान लस घेत नाहीत. नोव्हेंबरात आरोग्यमंत्री टोपे म्हणाले की मुस्लिमबहुल भागात सलमान खानची मदत घेऊ, तेव्हा आमच्या एक आशाताई म्हणाल्या, सलमानला कशाला त्रास, मलाच रिक्षाभाडं द्या म्हणावं.

आता खरं सांगते, प्रतिसाद कमीच होता. अफवा पण होत्याच, मूल होणार नाही वगैरे, ते तर पोलिओच्या डोसाच्या वेळेपासून ऐकतोय. पण लूमवाल्याची, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगाराची, पाळी बारा तासाची, सुट्टी शुक्रवारी, आणि आमचा कॅम्प मंगळवारी दहा ते पाच. कोण येणार? बाया तोंडावर विचारायच्या, "बाजी, बुखार आया तो दो दिन की मजदूरी कौन देगा?" माझ्याकडे पॅरासिटामॉलची पट्टी होती, मजुरीचं उत्तर नव्हतं. त्यात एनआरसीचं, म्हणजे नागरिकत्व नोंदणीचं, सगळं ताजं, आणि आम्ही दारोदार आधार कार्ड मागत फिरतोय, दार अर्धंच उघडायचं.

तुम्ही कुठे होतात? टोचणारे, रांगेतले, न घेतलेले, सगळ्यांनी लिहा. भांडणं नकोत प्लीज.

खाडीपट्ट्यातला

सिस्टर, आमच्याकडे चित्र अगदी उलटं. महाडचा खाडीपट्टा, घरटी एक माणूस गल्फमध्ये, आणि २०२१ मध्ये सुट्टीवर आलेले सगळे इथेच अडकलेले. लस नको म्हणणं सोडा, लोक सेंटरवर जाऊन आधी विचारायचे आज कुठली आलीय, कोव्हॅक्सिन म्हटलं की रांग निम्मी. सौदीला कोव्हिशिल्ड चालायची, कोव्हॅक्सिन नाही, तिला डब्ल्यूएचओची मान्यताच ३ नोव्हेंबरला मिळाली. त्यात कोव्हिशिल्डच्या दोन डोसात ८४ दिवस, इकडे व्हिसा संपतोय. जूनमध्ये परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस द्यायचा नियम आला तेव्हा आमच्या चुलत्यांनी पेढे वाटले, शपथ. मग सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर चढवायला आणि नावाचं स्पेलिंग जुळवायला आमच्या घरी पोरांची रांग, कारण वायफाय आमच्याकडेच.

पण अम्मी अडून बसली होती. आधी म्हणाली रोजे आहेत. मौलानांनी सांगितलं इंजेक्शनने रोजा तुटत नाही, तर म्हणे ताप आला तर तुटेल. ईद झाली. मग म्हणे गुडघा दुखतोय. शेवटी माझ्या बायकोने खरं कारण काढलं, सेंटरवर टोचणारा पुरुष होता आणि आडोसा काहीच नव्हता, बाही खांद्यापर्यंत वर करायची सगळ्यांसमोर. एवढंच! बायको, फुफी आणि शेजारची एक बाई गेल्या सोबत, दोघींनी ओढणी ताणून धरली, तिसरीने तिथल्या नर्सबाईला आतून बोलावून आणलं. परत आल्यावर अम्मीच गल्लीत सांगत फिरली की मुंगी चावल्यासारखं वाटतं.

गुरुजी_धारणी

मेळघाटातून लिहितोय. कोरकू अल्पसंख्याकात बसतात का माहीत नाही, पण सरकारी पत्रक ज्या भाषेत येतं ती त्यांची भाषा नाही एवढं नक्की. मे महिन्यात आम्हा शिक्षकांना ड्युटी लागली. लोक तेंदूपत्त्याला गेलेले, आणि जे गावात असायचे ते जीप दिसली की रानात पळायचे. मी कोरकूत बोलतो, पण माझं तरी का ऐकतील, मी पगारी माणूस.

शेवटी भुमकाच, म्हणजे गावचा वैदूच, तयार झाला. कसा ते लांबलचक आहे, त्याच्या नातवाला मी दहावीपर्यंत शिकवलं एवढंच सांगतो. त्याने लस घेतली आणि रात्री त्याला सणकून ताप. माझी झोप उडाली. तीन दिवस सगळं गाव त्याच्या दाराकडे बघत होतं, कोणी काही बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी म्हातारा छपरावर चढून पावसाळ्याआधी कौलं सारखी करताना दिसला. त्या दिवशी एकवीस जणांनी घेतली. मी ना भाषण दिलं ना पोस्टर लावलं.

पेठेतला_भाऊ

या धाग्यात माझं काम नाही खरं, पण आमच्या काकांनी आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्यांवर दोन वर्षं काढली आणि वर "त्या लोकांमुळे" लसीकरण अडलंय म्हणून व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करत होते. काकांसाठी सलमान खान कोणी पाठवला नाही.

पालावरची

मी पारधी आहे. आमच्या पालावर कोणी नाही म्हटलंच नव्हतं. माझ्या आज्याने पोलिसाच्या मारापेक्षा सुई बरी म्हणून स्वतः हात पुढे केला होता. सेंटरवर गेलो तर आधार दाखवा. नाही. मतदान कार्ड? नाही. मोबाईल नंबर? एका फोनवर चार जणांचीच नोंदणी व्हायची आणि तो फोन माझाच, पालावर माणसं तीसच्या वर. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस द्यायचा नियम मे महिन्यातच निघाला होता, मी तो पीडीएफ मोबाईलवर दाखवला, तिथला माणूस म्हणाला आम्हाला असं काही आलेलं नाही. तीन चकरा झाल्या, एकदा तर आमच्या बायांना गेटबाहेर उन्हात उभं केलं आणि आत खुर्च्या रिकाम्या. दिवाळीत घरोघरी टीम फिरायला लागल्या तेव्हा कुठे जमलं, तोवर आज्या गेला होता. कोरोनाने की कशाने, कोणी तपासलं नाही.

बर्मिंगहॅमकर_फार्मासिस्ट

इंग्लंडमधलं थोडक्यात. इथे डिसेंबर २०२० मध्ये सुरुवात झाली आणि लगेच दिसलं की कृष्णवर्णीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वस्त्यांत लोक मागे आहेत. लसीत डुकराचं जिलेटिन आहे ही अफवा मला दिवसाला दहादा खोडावी लागायची, नव्हतंच त्यात. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या बॉल्सल हीथच्या अल-अब्बास इस्लामिक सेंटरमध्ये लसीकरण सुरू झालं, मशिदीतलं इथलं पहिलंच. मला मोडकीतोडकी उर्दू येते ती मुंबईत कुर्ल्याला वाढल्यामुळे, ती इथे येऊन कामाला आली. एक आजी लस घेऊन झाल्यावर अर्धा तास बसून राहिल्या, मला वाटलं चक्कर आली, तर म्हणे मार्चपासून कोणाशी समोरासमोर बोललेच नाही.

सिस्टर_मालेगाव

पालावरची, काय लिहू कळत नाहीये. गेटबाहेर उभं करणारे आमच्यातलेच.

माझंही एक सांगते, डायरीत तारखेसकट आहे. कोव्हिशिल्डच्या एका वायलमध्ये (बाटलीत) दहा डोस, फोडली की चार तासात संपवायची, आणि वाया गेली की वरून विचारणा. त्यामुळे दहा जण जमेपर्यंत फोडायची नाही. एक बाई, महिनाभर मागे लागून तयार केलेली, नवऱ्याला न सांगता आलेली, आणि त्या दिवशी जमल्या फक्त सहा जणी. मी तिला उद्या या म्हटलं. ती "अच्छा बाजी" म्हणाली, बुरख्याची बाही खाली केली आणि गेली. पुढच्या तीन कॅम्पला दारात खुर्ची टाकून तिची वाट बघितली मी.